मूसाला इंग्रजी येतं, असं मी लिहिलं

रायपूरला परदेशातली मुलं शिकायला येतात, हे मी सांगते तेव्हा अमरावतीकडचे आमचे नातेवाईक अजूनही हसतात. त्यांच्या लेखी रायपूर म्हणजे भात, ऊन आणि हावडा मेलचा एक थांबा. पण शहराबाहेरच्या एका खासगी कॉलेजात मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली सात वर्षं परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात काढली. नेपाळ, भूतान, नायजेरिया, येमेन, चाड. चाड नावाचा देश आहे हे मलाही तिथला मुलगा समोर येऊन बसला तेव्हाच कळलं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या पोरींनी मला "काकू, काहीतरी गमतीदार लिहा" असं सांगितलं होतं. गमतीचं थोडं आहे. बाकीचं तसं नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझं काम काय होतं ते सांगते. मुलगा यायच्या आधी त्याचं इंग्रजीचं प्रमाणपत्र येई. ते मुलं आणून देणाऱ्या एजंटानं कुठून मिळवलं हे कोणी विचारत नसे. मुलगा आला की मी त्याच्याशी अर्धा तास बोलायचं, एक उतारा वाचून घ्यायचा, पाच ओळी लिहून घ्यायच्या आणि एका छापील कागदावर तीनपैकी एका चौकोनात खूण करायची. उत्तम, पुरेसं, अपुरं. खाली सही. ज्याचं अपुरं, त्याला सहा महिने रोज माझा पूरक वर्ग, आणि तोवर मुख्य वर्गात बसायचं नाही. नियम चांगला होता. मीच तो लिहून दिला होता.

पहिल्याच वर्षी मी तिघांच्या कागदावर 'अपुरं' लिहिलं. एक जण राहिला. दोघांना एजंटानं दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात नेलं, जिथं असली परीक्षाच नव्हती. कॉलेजचे संचालक घाटे सर मला बोलावून म्हणाले की तुमच्या एका खुणेनं दोन मुलं गेली. घाटे सर नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथं असलेल्या घराण्यातले, गोड बोलणारे. ते रागावले नाहीत. "मॅडम, तुम्ही 'पुरेसं' लिहा अन् शिकवा ना त्याईले संध्याकाळी. कोण नाई म्हणते?" एवढंच म्हणाले. मला ते पटलं. मुलगा घरदार सोडून इतक्या लांबून आलेला, त्याला परत का पाठवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. माझी नेमणूकही दर जूनला नव्यानं व्हायची. त्या 'पुरेसं'मध्ये दया किती होती आणि नेमणूक किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

संध्याकाळचा वर्ग वर्षभर चालला. मग आठवड्यातून दोनदा झाला. मग प्रवेशाच्या दिवसांत मला माहितीपत्रकांच्या कामाला लावलं आणि वर्ग बंद पडला तो पडलाच. खुणा मात्र 'पुरेसं' याच चौकोनात पडत राहिल्या.

आता गमतीचं. नायजेरियाचा एक मुलगा होता, त्याचं इंग्रजी इतकं भरभर आणि अस्सल की आमचे निम्मे प्राध्यापक त्याला पाहून वाट बदलत. एक दिवस एक प्राध्यापक माझ्याकडे तक्रार घेऊन आले की या मुलाचं इंग्रजी कच्चं आहे, काही समजत नाही, तुमच्या वर्गात घ्या. मी त्या मुलाला बोलावून, जरा हळू बोलत जा बाबा, एवढंच सांगितलं. तो समजूतदार होता. पुढे तो शिपाईभैयाशी हिंदीत आणि प्राध्यापकांशी सावकाश इंग्रजीत बोलायचा. शिपायाशीच जास्त बोलायचा.

वर्षाच्या शेवटी समाधानाचा फॉर्म भरून घेणं हेही माझंच काम. चार पानं, सगळी इंग्रजीत. शिकवणं कसं आहे, वसतिगृह कसं आहे, जेवण, ग्रंथालय, मित्र. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे. पाच म्हणजे पूर्ण सहमत. या फॉर्मांची बेरीज माहितीपत्रकात छापली जाई. काही वर्षं ते भरून घेतल्यावर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांना इंग्रजी चांगलं येतं ते नाखूश असत आणि ज्यांना येत नाही ते सगळीकडे पाचवर गोल करून, हसून कागद परत देत. आमच्या कॉलेजचं समाधान हे असं गोळा होत होतं.

भूतानची देकी नावाची एक मुलगी होती. शाळेपासून इंग्रजीत शिकलेली, नीटस, कमी बोलणारी. तिनं बहुतेक ठिकाणी एक आणि दोनवर गोल केले आणि मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं की मला इंग्रजीत शिकवू असं सांगून आणलं, पण सर दोन वाक्यं इंग्रजीत बोलतात आणि उरलेला तास हिंदीत शिकवतात. आम्ही इंग्रजीत काही विचारलं की वर्ग हसतो. घाटे सरांनी मला सांगितलं, पोट्टी हुशार आहे, पण तिला समजवा, फॉर्म दुसरा भरून घ्या. मी तिला बोलावलं. समजवायला गेले म्हणा ना.

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, मला लिहिता आलं म्हणून मी लिहिलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना कोण विचारणार?"

तिनं दुसरा फॉर्म भरला नाही. पुढच्या वर्षी ती बंगळुरूला निघून गेली. तिचा फॉर्म त्या वर्षीच्या बेरजेत धरला गेला नाही. ती बेरीज मीच केली होती.

मूसा त्याच काळात आला. चाडचा, एकोणीस वर्षांचा, उंच, खांदे जरा पुढे झुकलेले. घरी अरबी बोलायचा, शाळा फ्रेंचमध्ये झालेली. प्रवेश मेकॅनिकल इंजिनीअरिंगला. माझ्यासमोर तो पाठ ताठ करून बसला. नाव विचारलं, त्यानं सांगितलं. वडील काय करतात विचारलं, तर म्हणाला, "यस मॅडम." प्रवास कसा झाला, तर "नो प्रॉब्लेम मॅडम." उतारा त्यानं मोठ्यानं वाचला, फ्रेंच वळणानं, एकही शब्द न अडखळता. त्यात काय लिहिलंय विचारलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहून हसून मान हलवली. लिहायच्या पाच ओळींत त्यानं आपलं नाव, गावाचं नाव आणि 'थँक यू' एवढं लिहिलं. मी 'पुरेसं'वर खूण केली आणि सही केली. बाहेर आणखी चौघं बसले होते.

तो हुशार होता. गणितात पहिल्या पाचांत असायचा, कारण आकडे सगळीकडे सारखेच. बाकी विषय तो पाठ करायचा, अर्थ न कळता पानंच्या पानं. वर्षभरात कॅन्टीनपुरती हिंदी शिकला. आमच्या इथल्या पोरांसारखं 'हो'ला 'हव' म्हणायचा, आणि तेवढ्यानं लोक खूश व्हायचे. इंग्रजीत मात्र त्याचे दोनच शब्दप्रयोग राहिले. यस मॅडम, नो प्रॉब्लेम. मी पाहत होते. न कळल्याचं कबूल केलं की आपल्याला परत पाठवतील, असं कोणीतरी त्याला आल्याआल्याच सांगून ठेवलं होतं. ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तो माझ्यासमोर बसून समाधानाचा फॉर्म भरत होता. वरून खाली पाच, पाच, पाच. एक वाक्य त्यात उलटं होतं: मला इथं एकटं वाटतं. त्यापुढेही त्यानं पाचवर गोल केला. अख्ख्या कागदावर तेवढंच उत्तर खरं असावं. मी त्याला विचारलं, वाचलंस का रे? तो म्हणाला, यस मॅडम. मी कागद गठ्ठ्यात ठेवला. घाटे सरांनी पुढे ते वाक्यच फॉर्ममधून काढून टाकलं, बेरीज बिघडते म्हणून.

तिसऱ्या वर्षी मुलांना महिनाभर कारखान्यात पाठवतात. मूसाच्या तुकडीला शहराजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये पाठवलं. तापून लाल झालेलं लोखंड फिरत्या रोलरांमधून ओढून जिथं सळ्या करतात, तसली मिल. पहिल्या दिवशी सकाळी तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यानं मुलांना सूचना दिल्या. परदेशी मुलगा आहे म्हणून मुद्दाम इंग्रजीत दिल्या, कागदावरून वाचून. शेवटी विचारलं, समजलं का सगळ्यांना? सगळे यस म्हणाले. सगळ्यांनी सह्या केल्या.

दुपारी मला कॉलेजातून फोन आला की मूसाचा हात गेला.

काय झालं ते मला त्याच्या वर्गातल्या चंद्रिका साहूकडून कळलं. ही अभनपूरची मुलगी, शेतकऱ्याच्या घरची, रोज बसनं येणारी. तिला स्वतःलाच इंग्रजीची भीती, म्हणून ती मूसाजवळ बसायची. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती. ओढणीला डाग होते. तिनं मला सांगितलं, "मॅडम, साहब बोले थे कि ग्लव्हज पहनके रोलर के पास नहीं जाना है. कपडा खिंच जाता है. इसने खाली ग्लव्हज सुना. सबसे पहले इसीने पहने."

फिरत्या रोलरजवळ हातमोजा घालायचा नसतो. तो अडकला तर हाताला घेऊन जातो. मूसाला त्या सगळ्या वाक्यांतला एकच शब्द ओळखीचा वाटला आणि त्यानं आज्ञाधारकपणे टेबलावरचा हातमोज्यांचा जोड उचलून हातात चढवला. फोरमननं लांबून पाहिलं आणि ओरडला, दस्ताना निकाल. 'दस्ताना' हा शब्द कॅन्टीनच्या हिंदीत नसतो. आपल्याला कोणीतरी हाक मारतंय एवढं कळून मूसा वळला, आणि तोल सावरायला त्यानं हात टेकला तो रोलरवरच.

उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

आठवड्याभरात कॉलेजची चौकशी समिती बसली. तीन माणसं. टेबलावर दोन कागद होते. एक मिलचा, त्यावर मूसाची सही, की सूचना समजल्या. दुसरा माझा. एका सदस्यानं विचारलं की ही सही तुमचीच ना. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं की 'पुरेसं' याचा अर्थ विद्यार्थ्याला इंग्रजीतल्या सूचना समजतात असाच होतो ना.

मी म्हटलं, "कागदावर तरी तसाच होतो."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी बाहेर आले, पाणी प्यायले, दुपारचा तास घेतला. काळांचे प्रकार शिकवत होते, ते अजून आठवतं.

दोन दिवसांनी घाटे सरांनी मला एक कागद देऊन दवाखान्यात पाठवलं. मूसाची त्यावर सही नाही तर अंगठा घ्यायचा होता. इंग्रजीत छापलेलं होतं की सूचना मला नीट समजल्या होत्या, त्या न पाळता मी हातमोजे घातले, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. घाटे सर म्हणाले की तो तुम्हाला मानतो, तुम्हीच जा.

मूसा उशीला टेकून बसला होता. पट्टी बांधलेला हात त्यानं चादरीखाली घेतला, बहुधा मला दिसू नये म्हणून. मी कागद काढला तसा त्यानं न वाचताच डावा अंगठा पुढे केला. शाईची डबी माझ्या पर्समध्येच होती. मी ती काढली नाही. मी त्याला साध्या हिंदीत, एकेक वाक्य तोडून, कागदात काय आहे ते सांगितलं. त्याला सगळं कळलं. तीन वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच काही नीट समजावून सांगत होते, आणि ते इंग्रजी नव्हतं.

त्यानं अंगठा मागे घेतला. मग म्हणाला, "सॉरी मॅडम. मेरे कारण आपका नाम खराब हुआ."

मी त्याला त्याच वेळी खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी आराम कर म्हणाले आणि कागद तसाच घेऊन निघाले.

घरी येऊन मी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. हे रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर डबे तपासून 'चालायला योग्य' अशी सही करायची, हे त्यांचं काम. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ पेपरची घडी करत बसले.

"आमच्यात एक होता," ते म्हणाले, "डब्याखाली न जाता सही करायचा. सगळ्याईले माहीत होतं. मी बी काई बोललो नाई. काहून बोललो नाई, ते मले आजवर समजलं नाई." मग मला म्हणाले, "तू लिहून दे."

मी समितीला दीड पानाचं पत्र दिलं. लिहिलं की मूसा आला तेव्हा त्याला इंग्रजी समजत नव्हतं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी दिलेला शेरा खरा नव्हता. तो देण्यासाठी कोणी माझा हात धरला नव्हता. पूरक वर्ग बंद पडला तेव्हा मी तक्रार केली नाही. आणि अशा खुणा मी आणखी बऱ्याच कागदांवर केल्या आहेत, त्या तपासाव्यात.

घाटे सरांनी मला बोलावलं. ते त्या दिवशीही रागावले नाहीत. थकलेले दिसले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःचंच नुकसान करून राहिल्या. त्याचा हात काई परत येत नाई." ते खरंच होतं. मी पत्र मागे घेतलं नाही, कारण मागे घेऊनही हात परत येणार नव्हता.

पत्राचा उपयोग एवढाच झाला की मूसाच्या अंगठ्याचा तो कागद पुन्हा कोणी काढला नाही, आणि दोष त्याच्या एकट्याच्या माथी गेला नाही. समितीनं लिहिलं की सर्व बाजूंनी संवादात त्रुटी राहिली. सर्व बाजूंमध्ये तोही आला. माझी रवानगी ग्रंथालयात झाली, आणि निवृत्तीपर्यंतची पावणेदोन वर्षं मी तिथं पुस्तकांना नंबर घातले. माझ्या जागी आलेल्या तरुण मुलीला मी एकदा गाठून सांगितलं की चौकोनात खूण करताना बाहेर किती जण बसलेत ते बघू नकोस. ती "जी मॅम" म्हणाली. तिला समजलं की नाही, मला कळलं नाही. त्या वर्षीच्या माहितीपत्रकातही परदेशी विद्यार्थ्यांच्या समाधानाची ओळ छापून आली. मूसाचे पाच त्यात होते की नाही, मी विचारायला गेले नाही.

मूसाला न्यायला त्याचे काका आले. हे बरीच वर्षं नायजेरियात शिक्षक होते, इंग्रजी उत्तम. कॉलेजशी आणि मिलशी जे बोलायचं ते त्यांनी बोलून घेतलं, मोठा आवाज न करता. ते निघाले त्या सकाळी मी आणि चंद्रिका रायपूरच्या माना विमानतळावर गेलो. चंद्रिकानं घरून ठेठरी, म्हणजे इकडची बेसनाची कडबोळी, करून आणली होती, डब्यात. तिनं तो डबा मूसाच्या डाव्या हातात दिला आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

काकांनी मला विचारलं, "याची परीक्षा तुम्हीच घेतली होती ना?"

मी हो म्हटलं.

"तुम्ही शिक्षिका आहात. मीही शिक्षक आहे. अर्ध्या तासात कळतं. तुम्हाला कळलं नव्हतं का?"

त्यांच्या विचारण्यात आरोप नव्हता. त्यांना ते खरोखर जाणून घ्यायचं होतं. भोवती माणसं ट्रॉल्या ढकलत होती.

"कळलं होतं," मी म्हटलं.

काकांनी मान वळवून मूसाला त्यांच्या भाषेत सांगितलं. दोनच शब्द असावेत. मूसानं माझ्याकडे पाहिलं. मग तो बोलायला लागला, काकांशी, पण डोळे माझ्यावर ठेवून. पाच-सहा वाक्यं असतील. सावकाश, न अडखळता, खालच्या आवाजात. तीन वर्षांत मी त्याला सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. त्याचा आवाज असा आहे, हेही मला ठाऊक नव्हतं. काका खाली बघून ऐकत होते.

तो थांबला. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, आत जायची वेळ झाली म्हणाले, आणि माझा हात हातात घेऊन सोडला.

मूसा काय म्हणाला ते त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.